चाळीस साखळ्या आणि पाच पावलं

मित्रांनो, मी जमीन मोजायची एक जुनी लोखंडी साखळी आहे. माझ्या अंगात शंभर कड्या आहेत आणि दोन टोकांना दोन पितळी मुठी. आज त्या हिरव्या पडल्या आहेत, पण एके काळी त्यांत तोंड दिसायचं. माझी गोष्ट ऐकून तुम्ही मला शाबासकी द्याल, अशी आशा मात्र मी ठेवलेली नाही.

ज्या कचेरीत मी नोकरीला होते, तिच्या अंगणात दोन दगड पुरलेले होते. त्यांच्यामधलं अंतर बरोबर एका साखळीचं. रोज कामाला निघण्याआधी मला त्या दगडांवर ताणून धरायचं, असा नियम होता. काट्याकुट्यांतून, बांधांवरून ओढून ओढून साखळीच्या कड्या उघडतात आणि साखळी लांबते. लांबलेली दिसली की लोहाराला बोलावत आणि तो हातोडीने एकेक कडी मिटत असे. खरं सांगते, मला त्या हातोडीची फार भीती वाटायची.

आज जिथे मोठमोठी विमानं उतरतात, तिथे तेव्हा गवताचं सपाट रान होतं. ओल्या जागी बगळे उभे असत, म्हशी डुंबत. रस्त्याकडून आत गेलं की रानाच्या शेवटाला भाजीचे मळे लागत. विमानांसाठी हीच जागा पसंत पडली. हुकूम निघाला, रस्त्यापासून चाळीस साखळ्या जमीन घ्यायची, पलीकडची सोडायची.

आमचे मोजणीदार साहेब मनाने वाईट नव्हते, पण सदा घाईत. माझी पुढची मूठ धरायचा तो उंच गडी. त्याला सगळे लांब्या म्हणत. वीस दिवस आम्ही त्या रानात राबलो. शेवटच्या सकाळी मोटार दारात उभी होती. लांब्या मला घेऊन दगडांकडे वळला, तसे साहेब म्हणाले, "राहू दे रे. काल तपासली होती ना?"

काल तपासली नव्हती. परवाही नव्हती. लांब्याने मला उचलून मोटारीत ठेवलं. आणि मी? मला हायसं वाटलं. आज हातोडी टळली, एवढंच माझ्या मनात आलं.

दुपारी आम्ही रस्त्यापासून चाळीसावी साखळी टाकली आणि खुंटी ठोकली. ती एका माळीणबाईच्या विहिरीच्या हातभर पलीकडे पडली. विहीर आत गेली. बाई खुरपं हातात घेऊनच आल्या.

"अहो साहेब, आमच्या सासऱ्यांच्या खरेदीखतात लिहिलंय, रस्त्यापासून विहीर चाळीस साखळ्या आणि पाच पावलं. मग ती आत कशी आली? चालत गेली का?"

"बाई, तेव्हा साखळीएवढ्या दोरीने मोजत. दोरी भिजली की आखडते."

"आणि तुमची साखळी?"

"ही लोखंडाची आहे. ही खोटं बोलत नाही."

मित्रांनो, त्या क्षणी मला मातीत शिरावंसं वाटलं. माझ्या कड्या उघडल्या आहेत, हे मला आतून कळत होतं.

लांब्या हळूच म्हणाला, "साहेब, एकदा दगडांवर टाकून बघू या का?"

"दगड आठ मैलांवर, लांब्या. आणि परवा इथे विमान उतरायचंय. तू आणतोस का दगड उचलून?"

बाकीचे गडी हसले. दुसऱ्या दिवशी विहिरीत माती पडू लागली. बाई शेवटपर्यंत काठावर उभ्या होत्या. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. पाणी वर येऊन गढूळ झालं, मग चिखल झाला, मग जमीन झाली.

पुढच्या आठवड्यात मला दगडांवर ताणलं. मी वीतभर वाढले होते. चाळीस वेळा टाकलं की चाळीस विती. साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाकून पाहिलं. मग लोहाराला बोलावलं, माझ्या कड्या मिटवून घेतल्या आणि वहीत लिहिलं, 'साखळी ठीक.' नकाशा कधीच वरच्या कचेरीत गेला होता. त्या दिवशी हातोडीचे घाव मला लागलेच नाहीत. दुसरंच काही तरी लागत होतं.

सुट्टीच्या दिवशी लांब्याने कुणाला न विचारता मला गोणपाटात गुंडाळलं आणि तो सायकलवरून माळीणबाईंच्या दारात गेला.

"बाई, जरा एक मूठ धरता का?"

बाईंनी विचारलं नाही कशासाठी. दोघांनी मला रस्त्यापासून चाळीस वेळा टाकलं. चाळीसावी मूठ जिथे टेकली, तिथून बाई पुढे चालू लागल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. त्यांच्या पायाखाली बुजवलेल्या विहिरीची ओली माती होती.

"म्हणजे मी बरोबर होते."

"हो, बाई. आम्ही चुकलो."

"हे तुमच्या साहेबांना माहीत आहे?"

"आहे. वहीत त्यांनी 'साखळी ठीक' लिहिलंय," लांब्या म्हणाला. बाईंनी माझी मूठ पदराने पुसली आणि त्याच्या हातात दिली. "तू आलास तरी," एवढंच म्हणाल्या.

पुढे विमानं मोठी झाली, धावपट्टी लांबली आणि ते मळेही गेले. लोक म्हणतात, शेवटी सगळीच जमीन जायची होती, पाच पावलांचं काय एवढं? पण मधे अकरा वर्षं गेली, मित्रांनो. अकरा वर्षं ती बाई नाल्यापलीकडून डोक्यावर पाणी आणून वाफे भिजवत होती. ते पाणी कुणी मोजलं नाही.

म्हणून हात जोडून सांगते. मापाची वस्तू हाती घेण्याआधी तपासत जा. आणि ती चुकली होती असं कळलं, तर नुसती दुरुस्त करून खुंटीला टांगू नका. तिने ज्यांचं मोजलं, त्यांच्या दारात जा.