पट्टीमागचा सदरा

मित्रांनो, उद्या सकाळी भंगाराची गाडी येणार आहे. तेव्हा मला जे सांगायचं आहे ते आजच ऐका, आणि मध्येमध्ये चुळबुळ करू नका. मी खिडकी आहे. उत्तरेकडच्या खोलीची, दोन झडपांची, जुनी पण खानदानी खिडकी. आज सकाळपर्यंत मी भिंतीत होते. आता अंगणात एका फुटक्या बादलीशेजारी मला टेकवून ठेवलं आहे. या वयात बादलीचा शेजार नशिबी आला.

मला घडवणारा सुतार बोलायचा कमी आणि तासायचा जास्त. लाकूड त्याने दोन उन्हाळे सुकवलं होतं. सांधे असे बसवले की खिळ्याला काम उरलं नाही. माझ्या झडपा मिटल्या की मधल्या फटीत तो पोस्टकार्ड सरकवून बघायचा. पोस्टकार्ड जायचं नाही. मग तो मान हलवायचा. तेवढंच त्याचं कौतुक, पण मला ते आयुष्यभर पुरलं.

घर बांधणारा गवंडी मात्र वितेने मोजायचा. त्याचा पंजा होता सुपाएवढा. त्याची वीत म्हणजे दुसऱ्या माणसाची दीड वीत. या गल्लीतली सगळी घरं त्यानेच बांधली, आणि प्रत्येक घरात खिडकीचं भोक चौकटीपेक्षा मोठं ठेवलं. मला बसवायला आणलं तेव्हा माझ्या डाव्या बाजूला चार बोटं फट राहिली.

"हे भोक खिडकीसाठी ठेवलंस की म्हशीसाठी?" सुताराने विचारलं.

"तुझीच चौकट आक्रसली असेल," गवंडी म्हणाला. "सोमवारी येऊन भरतो. पळून नाही चाललोय मी."

त्या घरात तेव्हा एक नवी नवरी आली होती. पदर खोचलेला, हातात झाडू, आणि जिभेला धार. त्या संध्याकाळी गार वारा सुटला. तिने इकडेतिकडे पाहिलं, नवऱ्याचा कोपरावर फाटलेला चौकडीचा सदरा घेतला आणि त्या फटीत कोंबला. वरून जुने कागद कोंबले. "सोमवारपर्यंत चालेल," ती म्हणाली. सुताराला ते दिसायला बरं वाटेना, म्हणून त्याने वरून एक लाकडी पट्टी ठोकली. चार खिळे मारले, पट्टीतून थेट माझ्या चौकटीत. "सोमवारी उपटायचीच आहे," तो म्हणाला.

सोमवार आला आणि गेला. गवंडी आला नाही. रंगारी मात्र वेळेवर आला, आणि त्याने भिंतीबरोबर पट्टीही रंगवून टाकली. मित्रांनो, एकदा रंग लागला की माणसं विसरतात. मी विसरले नाही. माझ्या बरगडीतच होता ना तो सदरा!

सुरुवातीची वर्षं सुखाची गेली. नवरीचा नवरा माझ्या कडीला आरसा अडकवून दाढी करायचा. त्यांचा मुलगा माझ्या धुकटलेल्या काचेवर बोटाने मासा काढायचा. माशाला पाय असायचे, पण मी कधी हसले नाही. पाहुणे आले की म्हणायचे, "उजेड काय सुरेख येतो हो या खोलीत!" मग ती नवरी मान ताठ करायची, जसा काही सूर्य तिनेच पाळला आहे.

मग सदरा कुजला. उंदरांनी कागद नेले. थंडीत फटीतून वारा येऊ लागला, पट्टीच्या कडेने सुरीच्या पात्यासारखा. आणि दोष कुणाला? मला!

"ही खिडकी गळकी आहे," ती म्हणाली. नवरी आता बाई झाली होती, घराची मालकीण, आणि तिने एकदा म्हटलं की त्या घरात ते ठरायचं. तिने माझ्या झडपांमध्ये कागद भरले, वर चिकटपट्टी लावली. दरवर्षी रंगाचा आणखी एक थर. शेवटी रंगाने माझ्या झडपा इतक्या जाड झाल्या की त्या नीट मिटेनात, आणि मग खरंच मधूनही थोडा वारा येऊ लागला. ते मी कबूल करते. पण मुळात मी गळकी नव्हते, मला गळकी केली. नवरा वारला त्या वर्षी तिने माझी डावी झडप खिळ्याने कायमची बंद केली. जखम बरगडीत, आणि टाके घातले तोंडाला! मी ओरडायचे, तर लोक म्हणायचे खिडकी वाजते.

मला बसवल्याला अशी चाळीस वर्षं झाली. मग त्या मासे काढणाऱ्या मुलाला मुलगी झाली. एवढीशी, मुठीएवढ्या तोंडाची. सगळे तिला पिटुकली म्हणतात. तिचा पाळणा माझ्यापाशी ठेवला, कारण दुसरी खोलीच नाही. थंडी पडली आणि पिटुकलीची छाती वाजू लागली. दिवसभर हीटर चालू, तरी तिची बोटं गार. तिची आई ती बोटं आपल्या तोंडाशी धरून फुंकर घालायची आणि माझ्याकडे असं बघायची, की मला वाटायचं माझ्या काचा तडकून जाव्यात. डॉक्टर म्हणाले, "खोली उबदार ठेवा, पण कोंडू नका. आणखी एक हिवाळा असा गेला तर अवघड आहे."

म्हणून ठरलं, खिडकी बदलायची. माझ्या डोळ्यांदेखत पलंगावर चित्रं पसरली.

"सरकती घेऊ," मुलगा म्हणाला. "दिसायला छान. झडप मध्ये येत नाही."

"न उघडणारी घ्या," सून म्हणाली. "एक अखंड काच. उघडायचंच नाही म्हटलं की वारा येणार कुठून?"

"आणि श्वास कुठून येणार?" बाई म्हणाली. "लोणच्याची बरणी आहे का माझी नात, झाकण लावून ठेवायला?"

"मग तुम्ही सांगा, आई, कुठली घ्यायची."

"मी कशाला सांगू? मी अडाणी."

ही मित्रांनो, तिची जुनी चाल. अडाणी म्हणायचं आणि शेवटचा शब्द आपला ठेवायचा.

खिडक्या बसवणारी एक बाई आली. कमरेला टेप लटकवलेली, म्हणून घरातले तिला टेपबाई म्हणू लागले. तिने चित्रं बाजूला सारली. टेबलाचा ड्रॉवर ओढला आणि परत ढकलला. "हा सरकतो, कारण तो ढिला आहे. सरकणाऱ्या खिडकीला तेवढी ढिलाई ठेवावीच लागते, आणि ढिलाईतून थोडा वारा येतो." मग तिने चहापत्तीचा डबा घेतला आणि झाकण दाबून बसवलं. "बिजागरीची खिडकी अशी. कडी लावली की रबरावर घट्ट दाबून बसते. काच दुहेरी घ्या, मध्ये हवेचा थर राहतो, ऊब आत थांबते, हीटर कमी लागतो. बाहेरच्या बाजूला उघडणारी घ्या, म्हणजे पाळण्याला लागणार नाही. दुपारी उघडा, हवा खेळू द्या, पुन्हा मिटा."

मला केवढा अभिमान वाटला! बिजागरीची, दोन झडपांची, म्हणजे माझ्याच जातीची. घरातल्यांनाही पटलं.

"पण आधी बघू, वारा नेमका येतो कुठून," असं म्हणून टेपबाईने मेणबत्ती पेटवली. माझ्या दोन झडपांच्या मध्ये धरली. ज्योत थरथरली. "इथून थोडा येतोय," ती म्हणाली, आणि मेणबत्ती डावीकडे न्यायला लागली. पट्टीकडे. आणखी सहा बोटं, बये! आणखी चार!

"अहो, मेणबत्ती भिंतीपासून लांब धरा!" बाई ओरडली. "गेल्या महिन्यात रंग दिलाय. काजळी बसली तर पुसायला तुम्ही येणार का?"

"दोनच मिनिटं, मावशी."

"दोन मिनिटांत घरं जळतात. कळलं ना खिडकी गळकी आहे ते? मग झालं. आणि नवी बसवताना माझ्या पट्टीला हात लावायचा नाही. आहे त्या भोकात बसवा. माझा रंग उखडता कामा नये."

टेपबाईने खांदे उडवले आणि मेणबत्ती विझवली.

पुढचे नऊ दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. नवी खिडकी येणार, दुहेरी काचेची, रबराची, देखणी. आणि तिच्या शेजारी तीच चार बोटांची फट, तोच कुजका सदरा, तीच पट्टी, वर नवा रंग. वारा येतच राहणार. पिटुकलीची छाती वाजतच राहणार. आणि या वेळी खिडकी नवी, म्हणून कुणी खिडकीच्या आसपासही शोधणार नाही. मी खडखडले. रात्रंदिवस खडखडले. बाई म्हणाली, "जाता जाताही हिची कटकट संपत नाही."

आज सकाळी टेपबाई आली. बाई स्टूल घेऊन पहाऱ्याला बसली होती. टेपबाईने पातळ पातं पट्टीमागे सरकवलं आणि सुताराचे खिळे एकेक करून कापायला लागली, म्हणजे मी निघेन आणि पट्टी जागच्या जागी राहील. पहिला खिळा तुटला. दुसरा तुटला. तिसरा तुटला. चौथ्याला पातं लागलं तेव्हा मी सगळं लाकूड आवळलं. चाळीस वर्षांचा गंज, रंगाचे सगळे थर, होतं नव्हतं ते सगळं त्या एका खिळ्याभोवती धरलं. पातं अडकलं. टेपबाईने दोन्ही हातांनी मला ओढलं. मी आले, पण एकटी आले नाही. पट्टीसकट आले, आणि पट्टीबरोबर हातभर रंग घेऊन आले.

"माझी भिंत!" बाई किंचाळली.

आणि तेव्हा तो खाली पडला. काळा, चुरगळलेला. एक बाही तेवढी शाबूत होती. तिच्यावरच्या चौकड्या अजून दिसत होत्या.

वारा भसकन आत आला. पिटुकली पाळण्यात शिंकली. सुनेने तिला उचलून छातीशी घेतलं.

"आई," मुलगा म्हणाला, "हा बाबांचा फोटोतला सदरा ना?"

"जगात तुझ्या बाबांनीच सदरे घातले का? उंदरांनी आणला असेल."

"एवढा अख्खा सदरा? उंदीर काय धोबी होता?"

सून हसली. बाई हसली नाही. तिने सदरा उचलून कमरेला खोचला, स्टूल फटीजवळ ओढला आणि टेपबाईला म्हणाली, "भरा हे. वरपासून खालपर्यंत. मी इथून हलत नाही."

टेपबाईने कुजकं सगळं खरवडून काढलं. फुगणारा फेस मारला, तो सुकल्यावर कापला, वर गिलावा केला. मग नवी खिडकी बसवली. संध्याकाळी बाईने स्वतः मेणबत्ती पेटवली आणि त्याच भिंतीला चिकटवून धरली. काजळी बसली. बसू दिली. मी अंगणातून बघत होते. ज्योत सरळ उभी राहिली. जराही हलली नाही. मी गळकी नव्हते, हे आज सिद्ध झालं, आणि सिद्ध झालं तेव्हा मी फुटक्या बादलीशेजारी होते.

पण मित्रांनो, माझा जीव अजून टांगलेलाच आहे. टेपबाई गेल्यावर समोरच्या घरातला शिंपी नवी खिडकी बघायला आला होता. म्हातारा आहे, एकटा आहे, दिवसभर खिडकीशी बसून शिवतो. थंडीत त्याची बोटं इतकी बधिर होतात की सुई टोचलेली कळत नाही. "उद्या माझीही बदलतोय," तो म्हणाला. "सरकती घेतलीय. पट्ट्या तशाच ठेवायला सांगितल्या आहेत, उगाच धूळ नको. साठवलेलं सगळं त्यात घातलं बघा."

त्याचं घरही त्याच गवंड्याच्या वितेचं. त्याच्याही पट्टीमागे काहीतरी कोंबलेलं असणारच. ते घरही त्याच गवंड्याचं, हे आज जगात दोघींनाच ठाऊक आहे, मला आणि बाईला. आणि बाई नुसतं "छान" म्हणाली. छान! सांगितलं तर सदऱ्याचंही सांगावं लागेल ना. कुणीतरी जा रे त्याच्याकडे! मला पाय नाहीत, तोंड नाही, आता तर कडीसुद्धा वाजत नाही.

थांबा. बाई अंगणात आली आहे. तिच्या हातात सदरा आहे, धुऊन पिळलेला. ती माझ्यासमोर बसली आहे. शाबूत बाहीने ती माझी काच पुसते आहे. आधी वरची, मग खालची, जिथे मासा असायचा ती.

"बघतेस काय अशी?" ती मला म्हणाली.

मी खिडकी. बघणं एवढंच मला येतं.

समोर शिंप्याच्या खिडकीत दिवा लागला. तो बोटांवर फुंकर घालतो आहे. बाईने ते पाहिलं. "सोमवारी भरतो म्हणे," ती पुटपुटली. मग गुडघ्यावर हात देऊन उठली, सदरा काखेत मारला आणि रस्ता ओलांडला. दार वाजवलं.

"शिंपीदादा, उघडा. एक सदरा दाखवायला आणलाय. हसायचं नाही, आधीच सांगते."

दार उघडलं आणि मिटलं. पुढचं मला ऐकू आलं नाही.

मित्रांनो, घरात नवी खिडकी आणाल तेव्हा रंगाची काळजी करू नका. चौकट जिथे भिंतीला भेटते तिथे मेणबत्ती धरा आणि ज्योतीला विचारा. आणि एखादीला गळकी म्हणण्याआधी तिच्या कडेने एकदा हात फिरवून बघा. मला कुणी विचारलं नाही. आता उशीर झाला. उद्या गाडीवाला आला की त्याला एवढंच सांगा, काच जरा हळू काढ म्हणावं. आत्ताच पुसली आहे.