सहावं यंत्र

रूपाने यंत्रं नव्या डिस्ककडे वळवायची कमांड टाइप केली आणि एंटरवर बोट ठेवून थांबली.

"मॅडम, पाच यंत्रं तयार आहेत," मुंबईच्या मुख्य कार्यालयातून स्वराज फोनवर म्हणाला. पोरगा हुशार होता, पण सदा घोड्यावर बसलेला. "सहावं बंद करू ना?"

"दहा मिनिटं थांब रे."

कुंभिवलीच्या या केंद्रात सहा मेनफ्रेम, म्हणजे मोठाले संगणक, एकमेकांना जोडलेले होते. कुणी कोणतं काम उचललंय, हे सहाही जण एकाच सामायिक फाईलमध्ये नोंदवत. ती फाईल असलेली जुनी डिस्क आता कधीही दगा देईल अशी झाली होती. म्हणून आज सगळ्यांना नव्या डिस्कवरच्या फाईलकडे वळवायचं होतं. सहाव्याला नवी डिस्क दिसतच नव्हती, इतकं ते म्हातारं; म्हणून आधी ते बंद करणं भाग होतं. त्याच्यावर कुणी काम करत नसे. तरी 'सहावं लागतं' असं रूपाने मुंबईला दोनदा लेखी कळवलं होतं.

खरं कारण लिहिण्याजोगं नव्हतं. रोज सकाळी नऊला सहाव्यावरून तिच्या पडद्यावर रोमन अक्षरांत एक ओळ येई: जय भीम रूपा, डबा आणलास का गं? भिवाजी सरांनी कधीकाळी गमतीने लावून दिलेलं, आपोआप चालणारं काम. सर निवृत्त होऊन कर्जतला गेले, हळूहळू बाकीचेही गेले, आणि अकरा माणसांचं केंद्र तिच्या एकटीवर आलं. दिवसभरात तिला नावाने हाक मारणारं तेवढंच उरलं होतं. सर ते बंद करायला विसरले असणार, असं तिने धरलं होतं आणि तेच तिला खुपत होतं.

निदान दुसऱ्या यंत्रावर उतरवून घ्यावं म्हणून तिने ते काम आज पहिल्यांदाच उघडलं. वर, फक्त माणसांनी वाचायच्या ओळीत, सरांच्या नोकरीतल्या शेवटच्या दिवसाची तारीख होती. खाली सूचना: रूपा इथं एकटी पडणार. ती हाय तोवर हे बंद करू नये.

तिला एकदम भरून आलं. ओढणीने डोळे पुसून तिने ते काम सूचनेसकट तिसऱ्या यंत्रावर नेलं.

"मॅडम, तिसऱ्यावर हे काय नवीन आलं?" स्वराजने विचारलं. "कोणत्या विभागाला लागतं हे?"

"मला लागतं," रूपा म्हणाली. "कर आता सहावं बंद."