बर्फातली कवळी

"उघडली का मढ्याची पेटी?" ओटीवरून धोंडीने विचारलं.

"उघडली, आये. वाटाणं काढतेय. ये, तूपण हात गार करून घे."

"मसणात जाईन तवा होतीलच गार."

तुळशी हसली. सासूचं हे टोचणं नसतं तर तिला दिवस अळणी लागला असता. धाकट्या डहाणूच्या एका कोळणीकडून तिने हा जुना फ्रीजर आणला, बदल्यात लग्नातला पितळी हंडा दिला. पहिला महिनाभर वाटाण्यांना बोंबलांचा वास येई आणि कैनाड गावातली सगळी मांजरं पंगतीला बोलावल्यासारखी दारात बसत.

पण पेटीने घराला हात दिला. थंडीत वाटाणा मातीमोल झाला की तुळशी पाटी भरून आणी. सोलून, उकळत्या पाण्यातून काढून, निथळवून पिशव्या बांधी. नवरा लाहू चिकूच्या वाडीत कामाला होता. गळालेले पिके चिकू तो घरी आणी. त्यांच्या गोठलेल्या फोडी उन्हात कुल्फीसारख्या लागत. वैशाखात बाजारातल्या भाजीला हात लावला तर चटका बसे, तेव्हा तुळशीच्या चुलीवर वाटाणा रटरटत असे. लग्नघरांना बर्फ विकून विजेचं बिलही निघे. तरी धोंडीने पेटीतला दाणा कधी तोंडात घातला नव्हता. नागलीची भाकर, सुका बोंबील, झालं तिचं जेवण.

यंदा लेक रविना बाळंतपणाला माहेरी आली आणि तुळशीचं हसू आटलं. पोरीच्या पोटात अन्न ठरेना. वाटाणा नको, चिकू नको. गाल बसले. नर्सबाई म्हणाली, "असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल हिला."

त्या दुपारी रविना भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आई, कवळीची भाजी असती तर खाल्ली असती गं."

कवळी पाऊस लागल्यावर रानात उगवते. आधी ती गावदेवाला, मग घरच्या देवांना, मग माणसांना. त्याआधी पान चाखायचं नाही. आणि आता कुठे चैत्रातली महालक्ष्मीची जत्रा उठली होती, पाऊस अजून लांब होता.

तुळशी पेटीत खांद्यापर्यंत वाकली. तळाशी गेल्या पावसातल्या कवळीचे, पिळून ठेवलेले मुटके होते. हिरवे, वर बर्फाची साय. हातात घेतले आणि हात थबकला. धोंडी धवलेरी होती. लग्नात गाण्यातून देवांना मांडवात बोलावणारी. देवाच्या गोष्टीत तिचा शब्द शेवटचा.

"आये, ही कवळी. रविनाला करू?"

धोंडीच्या तोंडचं टोचणं विरलं. "देवानं औंदाची कवळी बघितली नाय अजून."

"औंदाची नाय, गेल्या सालची हाय."

"देवाला दिली होती यातली?"

"तूच दिली होतीस. त्याच पाटीतली उरलेली."

धोंडीने मुटका तळहातावर घेतला. थंडगार पाणी मनगटावरून ओघळलं. ती देव्हाऱ्याकडे वळली.

"मग ही देवाची उष्टी," ती म्हणाली. "उष्टं खायाला मुहूर्त कशाला? पण पहिला घास मला दे. देव रागावलाच तर म्हातारीवर रागवंल. पोटातल्या पोरावर नको."

कांदा परतला, लसूण पडला, भाजी शिजली. घरभर पावसाळ्याचा वास सुटला. धोंडीने पहिला घास घेतला, डोळे मिटले. तुळशी आणि रविना तिच्या तोंडाकडे बघत बसल्या.

"काय बघता? जिती हाय मी!" धोंडी म्हणाली आणि मांडीवर ताल धरून गायला लागली:

"कुठं गं निजलीस, हिरव्या पानाच्या बाय,
बर्फाच्या घरात मला उन्हाचं भय नाय."

रविनाला हसताना ठसका लागला. मग ती जेवली. पुन्हा ताट पुढे केलं. आणि त्या रात्री जेवण पोटात टिकलं.

पुढच्या आठवड्यात तुळशीने झाकण उघडलं, तर वाटाण्यांच्या पिशव्यांमध्ये एक परकं गाठोडं. जुन्या लुगड्याच्या पट्टीने बांधलेलं. आत काळीभोर करवंदं.

"आये, ही तू ठेवलीस?"

"पोराच्या उष्टावणाला थंडी येईल. तवा रानात करवंद कुठलं? त्याचं पहिलं बोट रानाचं पायजे."

"मग तूच चाटव की."

"मी असंन नसंन, ही ऱ्हातील," धोंडी म्हणाली. मग उठून आली, गाठोड्याची गाठ चाचपून नीट आवळली आणि ते तळाशी, जिथे बर्फ दाट होता, तिथे सरकवलं.

"झाकण लाव आधी," ती म्हणाली. "गारवा फुकट चाललाय."