राघूचा पडदा

"भू भू," सिंधूताई म्हणाल्या. नात सोंगटी हातात धरून तशीच बसलेली पाहून त्यांनी आवाज चढवला. "भू भू भू."

खालच्या गल्लीतल्या खऱ्या कुत्र्याने लगेच उत्तर दिलं. तारा मात्र हलली नाही.

सिंधूताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. त्यासाठीच त्या कुही गावाहून नागपूरच्या हुडकेश्वर भागात मुलाच्या दोन खोल्यांत मुक्कामाला आल्या होत्या. डोळ्यांवर डॉक्टरांनी दिलेला, बाजूंनीही बंद असलेला काळाकुट्ट चष्मा आणि तोंडासमोर धरलेलं हिरव्या राघूचं कार्ड. हा अवतार कुहीच्या बायांनी पाहिला असता तर त्यांना वर्षभर पुरला असता. समोर पाच वर्षांची तारा, दोन्ही कानांमागे ऐकण्याचं गुलाबी मशीन. मध्ये पुठ्ठ्याचा चार खणांचा डबा, आणि खणांवर चित्रं: कुत्रा, कावळा, कुकर, ढोल. जो आवाज ऐकू येईल त्या खणात कॅरमची सोंगटी टाकायची, एवढाच खेळ.

"आई, ओरडू नको," प्रशिक म्हणाला. "साध्या आवाजात म्हण. तिले येते ते."

"येते त टाकून काहून नाही राहिली गा?"

"कूलरच्या आवाजानं असंन."

त्याने कूलर बंद केला. मे महिन्यात, नागपुरात, भरदुपारी. यावरून त्या खेळाची घरातली पत कळावी. सिंधूताईंनी पदराने मान पुसली आणि कावळा काढला, मग ढोल. ताराने आजीच्या काळ्या चष्म्यात वाकून पाहिलं, वळून बापाकडे पाहिलं, आणि शेवटी काहीतरी करायचं म्हणून सोंगटी कुकरमध्ये टाकली.

"आण इकडं," म्हणत प्रशिक समोर बसला. राघू तोंडावर धरून त्याने कावळा केला, कुत्रा केला, ढोल केला, कुकरची शिटी केली. टक, टक, टक, टक. चारही सोंगट्या बिनचूक.

"बापाचं ऐकते, माह्यं नाही ऐकत," सिंधूताई म्हणाल्या. "आपल्या बाबाचीच आहे पोट्टी."

प्रशिक हसला. पण ते हसू पुरतं उमटायच्या आत त्याच्या मनात काहीतरी खुपलं.

प्रशिक जरीपटक्याच्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांचं डिझाइन करत असे. मालक त्याला 'ए डिझाइनर' म्हणून हाक मारी, आणि गिऱ्हाइकं वरपक्षाचं नाव मोठं की वधूपक्षाचं यावरून त्याचं डोकं खात. तारा वर्षाची झाली तेव्हा तिला ऐकू येत नाही हे कळलं. मशीनं लागली, वाणी-उपचाराचं सेंटर सुरू झालं. तिथे शिकवत, की आवाज काढताना आपलं तोंड झाका, नाहीतर मूल ओठ बघून ओळखेल आणि कानाचा सराव व्हायचा नाही. आया बिचाऱ्या पदर धरत, हात धरत, मुलं ते ओढून काढत. प्रशिकने पत्रिकांच्या उरलेल्या जाड कागदाचं एक कार्ड कापलं, त्यावर राघू छापला, मागे धरायला पट्टी लावली. मुलांना तो राघूच बोलतोय असं वाटे. मग चार खणांचा डबा आला, मग फळांचा, मग गाड्यांचा. सेंटरमधल्या जवळजवळ प्रत्येक घरी राघू गेला. लोक त्याला 'राघूवाले सर' म्हणू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी सर म्हणत होतं, आणि त्याला ते आवडत होतं.

सगळ्यांत हुशार अर्थातच तारा. सेंटरच्या बंद खोलीत मशीनवर तपासणी झाली की ती गप्प बसे, निकाल वाईट येई. पण प्रशिक म्हणे, ती तिथं बुजते, घरी सगळं बरोबर करते. गेल्या वर्षी सेंटरच्या सुरुचीमॅडमनी विषय काढला होता. एक ट्रस्ट लहान मुलांच्या कानाच्या आतल्या मशीनचं ऑपरेशन फुकट करून देत होता, फक्त पाच वर्षं पुरी व्हायच्या आत नाव द्यायला हवं होतं. रोशनी, त्याची बायको, तयार होती. प्रशिकनेच मोबाइलवर खेळाचा व्हिडिओ दाखवला होता. "ऐकून राहिली ना मॅडम. मंग लेकराचं डोकं काहून कापायचं?" मॅडमनी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि थांबून बघू म्हणाल्या. यंदा एप्रिलमध्ये, जयंतीच्याच आठवड्यात, ताराचा पाचवा वाढदिवस झाला. केकवरही राघूच होता.

"आई, चष्मा दे थोडा," प्रशिक म्हणाला.

"डॉक्टरनं काढू नको म्हटलं बावा."

"दोन मिनिटं. डोळे मिटून बस."

सिंधूताई कुरकुरत डोळे मिटून भिंतीला टेकल्या. प्रशिकने चष्मा चढवला, खाली राघू धरला. आता त्याच्या चेहऱ्याचं काहीच दिसत नव्हतं. "भू भू," तो म्हणाला. तारा सोंगटी धरून वाट पाहत राहिली. "काव काव." ती वाट पाहत राहिली. त्याने ढोल वाजवला, शिटी मारली. दर वेळी ती थोडी थोडी पुढे सरकत होती आणि तिच्या कपाळावर बारीक आठी पडत होती.

त्याने चष्मा काढला. राघू तसाच ठेवला. आणि तोंडातून चकार शब्द न काढता कुत्रा काढताना आपोआप जात तशा फक्त भुवया वर नेल्या.

टक. कुत्रा.

डोळे बारीक केले. टक. कुकर. खांदा उडवला, ढोल. मान किंचित तिरपी केली, कावळा. तारा आता खुशीत आली होती. बाबा पुन्हा नीट खेळायला लागले होते.

"आता काहून चूप झाला गा?" मिटल्या डोळ्यांनी सिंधूताईंनी विचारलं. "नुसतं टकटक होऊन राहिलं. बोल ना काही."

रोशनी पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात कधी येऊन उभी राहिली, त्याला कळलं नाही. तिने सगळं पाहिलं होतं. मी म्हणत होती, असं ती म्हणाली असती तर प्रशिकला बरं वाटलं असतं. ती आत जाऊन पुन्हा कणीक मळू लागली, आणि बराच वेळ मळत राहिली.

रात्रीच प्रशिकने सुरुचीमॅडमना फोन करून सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सेंटरमध्ये त्यांनी तो जुना व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी आवाज बंद करून. पाहता पाहता त्यांनी फोन पालथा ठेवला.

"मीही राघूकडेच बघत बसले होते हो," त्या म्हणाल्या. "तोंड झाकलंय ना, एवढंच बघितलं."

"मॅडम, आता नाव देता येईल काय?"

"सकाळीच फोन केला मी. दोनदा केला. वयाची अट आहे, त्यांच्याही हातात नाही म्हणतात."

"एकच महिना वर झाला मॅडम."

"हो."

"मी येऊन सांगतो त्याहीले. चूक माही आहे, पोरीची नाही. तिले काहून सजा?"

ट्रस्टशिवाय, पदरच्या पैशाने ऑपरेशन करायचं तर किती लाख लागतात हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून तो विषय कोणी काढला नाही. "तिची खुणांची, हातांची भाषा सुरू करू या," मॅडम म्हणाल्या. "एवढं बारीक बघणारं मूल लवकर शिकेल." हे त्या मनापासून बोलत होत्या. प्रशिकला तेही कळत होतं. तो उठून बाहेर आला.

बाहेरच्या बाकावर प्रेमिला नावाची एक बाई मुलाला घेऊन बसली होती. त्याला पाहताच ती उठली.

"राघूवाले सर, आमचा गौरांग काल सगळं बरोब्बर टाकून राहिला. याचे पप्पा त रडलेच."

प्रशिकने त्या मुलाकडे पाहिलं. मूल त्याच्याकडेच पाहत होतं, थेट डोळ्यांत, तारा पाहते तसंच. आपण या सेंटरच्या घराघरांत काय वाटून आलो, ते त्याला त्या एका नजरेत कळलं.

"याले कितवं लागलं?"

"तिसरं."

"मंग आज घरी काळा चष्मा लावून खेळा," तो म्हणाला. "अन् नाही जमलं त्याले, त माह्यावर रागवा. पण उद्या सकाळीच मॅडमले भेटा. थांबू नका."

बाई गोंधळून हसली. तिला वाटलं, सरांनी नवा खेळ काढला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा सिंधूताई काळा चष्मा लावून निमूट बसल्या होत्या. कालपासून त्यांनी 'बापाचं ऐकते, माह्यं नाही' असलं काही काढलं नव्हतं. त्याला पाहताच तारा डबा घेऊन धावत आली. तिने सोंगट्या ओतल्या, समोर मांडी घातली, राघू त्याच्या हातात दिला आणि तो हात धरून स्वतःच त्याच्या तोंडावर नेऊन ठेवला. मग ती वर पाहू लागली. तिच्या चेहऱ्यावर एवढा विश्वास होता की त्याला तो सोसवेना.

एक भुवई हलवली असती की झालं असतं. त्याने डोळे मिटून घेतले.

"भू भू," तो म्हणाला. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाला, "भू भू."

सोंगटी पडल्याचा आवाज आला नाही. कूलर बंद होता, घर शांत होतं. जरा वेळाने त्याच्या गालावर घामाने ओले झालेले दोन छोटे हात आले, ते वर सरकले, आणि तारा हलक्या बोटांनी, दुखू नये अशा बेताने, त्याच्या पापण्या उघडू लागली.