न उठणारं बोट

मारुतीच्या पारापाशी मुंगी शिरायला जागा नव्हती. बाया ओट्यांवर, पोरं लिंबाच्या फांद्यांवर, म्हातारे पाराच्या कडेला. मधोमध पितळी परात, परातीत हळदीनं पिवळं केलेलं ज्वारीचं पीठ आणि परातीमागे मांडी घालून बसलेले जीवराम महाराज. कपाळावर शेंदराचा एवढा थर, की पोळ्याच्या बैलानं लाजावं.

"उंगली झूठ नहीं बोलती!" महाराज गरजले. "जीभ खोटं बोलेल, डोळा खोटं रडेल. पण अनामिका? ती देवाला गंध लावणारी. ज्याच्या पोटात पाप, त्याच्या अनामिकेला शाप!"

"जय हो!" गर्दी ओरडली.

लिलाबाईनं हात पदराखाली घेतला. पाप तिच्या पोटात होतंच.

धाकटी जाऊ प्रमिला घरात आली आणि लिलाबाईचा जीव जळू लागला. प्रमिलाची भाकर टम्म फुगली, की सासू तानुबाई शेजारणीला हाक मारून दाखवी. बारा वर्षं लिलाबाईच्या भाकरी काय चपट्या होत्या? वावरात प्रमिला गाऊ लागली, की बाया खुरपं थांबवत. लिलाबाई गाऊ लागली, की कुणाला तरी तहान लागे. ओल्या सरपणासारखं जळणं ते. ज्योत नाही, नुसता धूर, आणि चुरचुरायचे ते आपलेच डोळे.

त्यात आठ दिवसांपूर्वी, कांद्याची निंदणी आटोपली त्या संध्याकाळी, प्रमिलाचा उजवा पाय पडला. पाय उचलला की पंजा खाली लोंबे, सुकल्या रोपाच्या शेंड्यासारखा. चालताना फटक् फटक् आपटे.

"नजर लागनी," तानुबाई म्हणाली. शब्द पांझरा नदीच्या वाऱ्यावर गेला आणि साक्रीकडून महाराज आले. दोन दिवस तानुबाईच्याच ओट्यावर जेवले. जेवता जेवता घरात कोण कोणावर जळतं, तेही चवीनं ऐकलं.

आता परीक्षा सुरू होती. एकेक बाई पुढे येई, पिठावर तळहात पसरून ठेवी आणि अनामिका उचली. बोट उठे. "निर्मळ!" महाराज म्हणत.

"थोरली सून?"

लिलाबाई पुढे झाली.

"थोरलीनं मधलं बोट आत मोडायचं. थोरलेपणाचा ताठा देवापुढं वाकवायचा. हां, अस्सं. पेर पिठात दाबून ठेव. आता अंगठा उचल."

अंगठा उठला. अंगठ्याशेजारचं बोट उठलं. करंगळीही उठली.

"आता अनामिका."

लिलाबाईनं जोर लावला. कपाळावर घाम आला. बोट जणू दुसऱ्या कुणाचं होतं. पिठावर मेल्यागत पडून राहिलं.

"हीच ती डाकीण!" महाराज उभे राहिले. "पौर्णिमेच्या आत हिला घराबाहेर काढा. हिचा पाय उंबऱ्याबाहेर पडला, की त्या पोरीचा पाय उठला!"

गर्दी एक पाऊल मागे सरकली. लिलाबाईनं नवऱ्याकडे, पंडितकडे पाहिलं. तो आपल्या वहाणांकडे बघत होता.

"खरं शे," ती पुटपुटली. "मी जळत व्हती तिन्हावर. मन्हीच नजर लागनी."

"थांबा जरा." गर्दीतून वाट काढत एक बाई पुढे आली. खांद्याला लसीचा डबा. गावच्या सरकारी उपकेंद्राच्या या नर्सबाई, सुनंदाबाई. धुळ्याला शिकलेल्या. "महाराज, तुमचं बोट बघू. मधलं मोडून ठेवा पिठात."

"आम्ही सिद्ध पुरुष! आम्हाला परीक्षा?"

"सिद्धाला कसली भीती? बरं, राहू द्या. तानुअक्का, तुम्ही ठेवा."

तानुबाईनं तोऱ्यात मधलं बोट मोडून हात टेकवला. तिन्ही बोटं उठली. अनामिका उठेना. तिचा चेहरा पिठासारखा पिवळा पडला.

"आता सगळ्यांनी! पारावर, ओट्यावर, जिथं असाल तिथं हात टेकवा. मधलं बोट आत."

शे-दीडशे हात टेकले. मग लिंबाखालून भिका पैलवान ओरडला, "उठत नही वं बाई! मन्हं बी उठत नही!"

"मन्हं बी!"

"अरे, मंग बठ्ठं गावच डाकीन शे!"

हशा पिकला. महाराज झोळी चाचपू लागले.

"बोटं उचलणारा स्नायू कोपरापासून निघतो," नर्सबाईंनी स्वतःच्या हातावर दाखवलं. "त्याचे चार दोर चार बोटांना जातात. अंगठ्याशेजारच्या बोटाला आणि करंगळीला आपापला जादा स्नायूही आहे. मधलं आणि अनामिका मात्र एका जुवाला जुंपलेले बैल. त्यांचे दोर हाताच्या पाठीवर एकमेकांना बांधलेले. एक बैल बसवून धरला, की दुसरा उठणार कसा? यांनी लिलाबाईचाच बैल बसवला."

"पन पाय?" तानुबाई म्हणाली. "पाय तं खरा पडेल शे."

नर्सबाईंनी प्रमिलाचा पाय मांडीवर घेतला. अंगावर कुठे कुष्ठाचा बधिर चट्टा नाही, हे विचारून, पाहून घेतलं. "माझा हात खाली दाब." पंजानं हात दाबला. "आता पंजा वर घे." हलला नाही.

"बघा. दाबणाऱ्या स्नायूची मज्जातंतूची तार वेगळी, ती शाबूत आहे. उचलणाऱ्या स्नायूची तेवढी दबलीय. नजर काय वैद्यकी शिकून आली होती, नेमकी एकच तार धरायला? ही तार गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूनं, बारीक हाडाला वळसा घालून जाते. कातडीच्या अगदी खाली. फार वेळ उकिडवं बसलं, की दबते. प्रमिला, निंदताना तू उकिडवी किती वेळ बसलीस?"

प्रमिलानं लिलाबाईकडे पाहिलं. बोलली लिलाबाई.

"तीन दिन. मीच पैज लायी व्हती. जी पहिले उठी, ती हारनी. मी कमर धरीसन तिसऱ्या दिवशी दुपारले उठनी. ही उठनीच नही."

पैजेच्या पहिल्या दिवशी निंदणीच्या ओळीत, पाथेवर, प्रमिलानं गाणं जुळवलं होतं, तेही लिलाबाईला आठवलं:

*कांदाना वावरमा दोन जावा पाथवर,*
*एक निंदे हातवर, एक निंदे जीववर.*

"मग जळणं तुझं लागलं खरं," नर्सबाई हळूच म्हणाल्या, "पण डोळ्यातून नाही. पैजेतून. उद्या हिला धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. आणि बरं होईस्तोवर उकिडवं बसणं बंद."

एवढ्यात कुणाला तरी महाराज आठवले. परात होती, पीठ होतं, महाराज नव्हते.

धुळ्याच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. पंजा वर धरायला पट्टा दिला. रोज सकाळी तो लिलाबाई बांधी. नवव्या आठवड्यात पट्टा सोडताना प्रमिलाचा अंगठा केसभर वर हलला.

"अक्का, हालना!"

"दिसनं माले," लिलाबाई म्हणाली आणि डोळे पुसले. त्याच संध्याकाळी प्रमिलानं चुलीशी बसायला पाट घेतला. भाकर फुगली, तानुबाईनं शेजारणीला हाक मारली आणि लिलाबाईच्या छातीत तोच जुना धूर उठला. तिनं मुद्दाम प्रमिलाच्या पायाकडे रोखून पाहिलं. चांगलं पोटभर जळून पाहिलं.

अंगठा केसभर का होईना, मजेत हलत होता.

लिलाबाई एकटीच हसली.

वाचणाऱ्यांनो, मत्सर ज्याचा त्याच्या छातीत जळतो. तो ज्याचा त्यानं विझवावा. पाय पडला तर डॉक्टर गाठावा. आणि कुणी बोटाकडे बोट दाखवून एखादीला डाकीण म्हणालं, तर घराबाहेर तिला काढण्याआधी आपलं मधलं बोट मोडून हात टेकवावा आणि अनामिका उचलून पाहावी.