टाकीवरचं खुराडं

सेप्टिक टँकच्या काँक्रीटच्या स्लॅबच्या कडेने एक ओली रेघ होती. गेल्या आठवड्यापर्यंत बोटभर रुंद होती. आता तळहाताएवढी झाली होती. तिच्यावर पातळ, करडी साय धरली होती आणि त्या सायीत कोंबड्यांच्या पायांचे ठसे उमटले होते. एक तलंग त्यात चोच बुडवून, मान वर करून पाणी गिळत होती. नीलम मागच्या दारात उभी राहून ते बघत होती.

चारकोप गावठाणातलं हे बैठं घर तिच्या सासऱ्यांनी घेतलेलं. गल्लीत गटाराची लाइन नव्हती, म्हणून मागे टाकी. तिच्यावर जाळी आणि खुराडं आलं ते नीलमचा नवरा सिद्धेश पडल्यावर. पवईच्या एका इमारतीत एसी बसवताना तो वरून खाली आला. जीव वाचला. डोळे उघडे असतात, भरवलेलं पातळ तो गिळतो; त्यापलीकडे काही नाही. त्याच्या आईने, शेवंतीबाईंनी, मालवणकडच्या गावी राखणदार देवाला गाऱ्हाणं घातलं: माझा झील पायांवर उभा राहिला की कोंबडा देईन. तोवर नवसाचा कोंबडा राखायचा, आणि पहिल्या दिवशी जिथे ठेवला तिथून त्याची जागा हलवायची नाही. पहिला मुंगसाने नेला, दुसरा रोगाने गेला. आता तिसरा होता, आणि त्याच्या सोबतीला अंडी देणाऱ्या कोंबड्या. कोंबडे बदलले, नवस तोच राहिला.

टाकीचं झाकण नेमकं खुराड्याखाली आलं. तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं नाही; नंतर आलं, तर कुणी बोललं नाही. टाकी तेव्हापासून उपसलीच गेली नाही.

नीलम बोरिवलीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. सिद्धेशला वरचेवर जुलाब होऊ लागले, पडून पडून पाठीवर झालेले व्रण ओले राहू लागले, तेव्हा शौचाचा नमुना तिनेच नेला. त्यात जुलाबाचे जंतू निघाले, साल्मोनेला. शेवंतीबाई रोज दुधात कच्चं अंडं फेटून त्याला पाजायच्या, अंगात बळ यावं म्हणून. त्याच्या अंगातून टाकीत जायचं ते कोंबड्यांच्या चोचीतून फिरून त्याच्याच पेल्यात येत होतं. अंडं उकडून द्या, असं तिने कितीदा सांगितलं. त्या 'हो' म्हणायच्या आणि ती कामावर गेली की फेटायला बसायच्या.

आज रविवार. पहाटे मोरीतून पाणी उलटं वर आलं. नीलमने टाकी उपसायला टँकर बोलावला. टँकरवाला भीमराज पाइप खांद्यावर घेऊन मागे आला आणि खुराड्यासमोर थबकला.

"मॅडम, झाकण कुठाय?"

"त्याच्याखाली."

"वाट लागली! या कोंबड्यांना सांगा ना, दुसरीकडे भाड्याने खोली बघा म्हणून."

नीलमला हसू आलं नाही. शेवंतीबाई पदर खोचून जाळीपुढे येऊन उभ्या राहिल्या. "खुराड्याक हात लावू नको हां रे."

"आजी, हात नाही लावत. पण टाकी भरली की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. पुढच्या खेपेला घरात चुलीपाशी येईल." त्याने पाइप पुन्हा गुंडाळला. "पुढे एका सोसायटीचं काम आहे. ते उरकून परत येतो. तोवर तुमचं काय ते ठरवा, यार."

तो गेल्यावर नीलम आत आली. सिद्धेशखालची चादर पुन्हा भिजली होती. तिने त्याला कुशीवर वळवलं, पुसलं, व्रणाची कड पाहिली. ती कालच्यापेक्षा काळी होती. तो भिंतीकडे बघत होता. त्या डोळ्यांत आपण कुठे दिसतो का, हे शोधणं तिने कधी सोडलं, तेही तिला आठवेना. स्वयंपाकघरातून चमच्याचा टकटक आवाज येत होता.

तिने जाऊन पेला सासूच्या हातातून काढून घेतला आणि मोरीत ओतला. मोरीने तो घेतला नाही. पिवळं पाणी जाळीवर तसंच तरंगत राहिलं.

"गो, ह्या काय केलंस?" शेवंतीबाईंचा आवाज फुटला. "त्याच्या अंगात बळ खयसून येतला?"

"आई, हेच त्याला मारतंय."

"तू शिकलंस म्हणान सगळा तुकाच कळता? तुझ्या दुर्बिणीत देव दिसता काय गो?"

नीलमने रिकामा पेला ओट्यावर ठेवला. पहिल्या महिन्यात डॉक्टरांनी स्कॅन उजेडावर धरून तिला सगळं समजावलं होतं. घरी येऊन ती "बघू म्हणाले" एवढंच म्हणाली होती. त्यानंतर नवस सासूचा, खुराडं सासूचं. तिने फक्त विरोध केला नाही. जोवर मागे कोंबडा आरवत होता, तोवर तिला काही बोलावं लागत नव्हतं. सासूच्या श्रद्धेआड ती इतकी वर्षं लपून बसली होती.

शेवंतीबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांचा सूर उतरला होता. "आपणच खुराडा मोडला, तर राखणदार काय म्हणतलो? ह्यांनीच आशा सोडली म्हणतलो. मगे आमी काय सांगायचा त्याका? तूच सांग गो."

गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला. नीलम त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. त्यांचा हात तिने हातात घेतला. तो अजून अंड्याने चिकट होता.

"मोडायचं, आई. आत्ताच. तो उठणार नाही."