जिन्याच्या वळणावरचा मिणमिणता

हे तुम्हाला पटणार नाही. भल्याभल्यांना पटलेलं नाही. खोटं वाटत असेल, तर त्या बघा, कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या शिवणवाल्या बाई, त्यांनाच विचारा. त्या तेव्हा तळघरात होत्या. आणि ज्यांची ही गोष्ट, त्यांची बायकोही त्याच.

तर, कापडाच्या त्या मोठ्या दुकानाचे मॅनेजर. नाव असेल काहीतरी, पण सगळे म्हणायचे धास्तीराव. कुठंही गेले की बसण्याआधी बाहेर पडायचं दार बघून ठेवायचे. सासरी जेवायला गेले तरी! नेमकं अशा माणसावर मालकांनी काम टाकलं: वीज गेली की जिन्यात आपोआप लागतात ना, ते दिवे निवडायचे. "दोन दिवसांत सांगा कुठला घ्यायचा," म्हणाले आणि मालक मोकळे झाले.

धास्तीरावांची झोप उडाली. दुकान वर, पण शिवणखोली खाली तळघरात. तिथं खिडकी औषधालाही नाही. तिथं त्यांची बायको आणि तिच्या हाताखालच्या बायका दिवसभर कात्र्या चालवायच्या. वीज गेली आणि दिवा लागलाच नाही, तर? हा 'तर' त्यांच्या घशात काट्यासारखा अडकून बसला. पाणी प्यायले, तरी जाईना.

दोन विक्रेते एकेक दिवा ठेवून गेले. धास्तीरावांनी ते आपल्या केबिनमध्ये पारखले. कसे? सगळे मॅनेजर पारखतात तसे. खिडकीतून ऊन आत आलेलं, आणि टेस्टच्या बटणावर बोट. पहिला असा पेटला, की समोरच्या इमारतीतल्या लोकांनी पडदे ओढले. दुसरा पेटलाय की नाही, ते वाकून बघावं लागलं. तो फार वेळ टिकतो म्हणे. टिकून करायचं काय, दिसायला नको?

घरी हे ऐकून बायकोनं कपाळावर हात मारला. "अहो, उन्हात दिवा पारखतं का कुणी? दोन्ही माझ्या तळघरात लावा. रात्रभर चार्ज होऊ द्या. मग मेन बंद करून बघा."

"आणि काही झालं तर?"

"मी आहे ना तिथं!"

"अगं, म्हणून तर विचारतोय!"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी सगळी तयारी झाली. झगझगीत दिवा शिवणखोलीच्या दारावर, मिणमिणता जिन्याच्या वळणावर. मेन स्विच तळघराच्या पार मागच्या टोकाला. धास्तीरावांनी हात पुसले, परत पुसले आणि खटका ओढला.

लख्ख! साड्या-सदरे घालून उभ्या केलेल्या पुतळ्यांनी म्हणे डोळे किलकिले केले. जवळपास कोंबडा नव्हता म्हणून, नाहीतर आरवलाच असता. बायकांनी टाळ्या पिटल्या. धास्तीरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला. हाच घ्यायचा, असं ठरवून ते ऐटीत जिन्याकडे निघाले. निम्म्या वाटेवर आले, तोच दिवा पिवळा पडला, थरथरला आणि गेला.

आधीच डोळे दिपलेले, त्यात डांबर ओतल्यासारखा अंधार. स्विच मागं राहिला, जिना पुढं, आणि मध्ये कापडाचे गठ्ठे. कुणीतरी किंचाळलं. लोखंडाचं काहीतरी खणकन पडलं.

"अगं!"

धास्तीरावांनी अंधारात हात फिरवला; हाताला लागला नुसता कापडाचा गठ्ठा.

"अगं, कुठं आहेस?"

वळणावरचा दुसरा दिवाही मेला की काय? आणि तो झगझगीत तर त्यांच्याच मनात भरला होता, बटण दाबून, उन्हात बसून. आता बोल कुणाला लावायचा?

"हलू नका!" बायकोचा आवाज आला. "तुमच्या पायाशी कात्री पडलीय. डोळे मिटा. थांबा जरा. हं, आता उघडा."

उघडले. वळणावर तो मिणमिणता बसला होता, शांत. मघापासून तो लागलेलाच होता. झगमगाटात त्याच्याकडे बघतो कोण? आता त्या उजेडात कठडा दिसला, पायऱ्या दिसल्या, आणि बुटाजवळ आ वासून पडलेली कात्री.

आता खरी गंमत ऐका. पालीला बघून खुर्चीवर चढणारा हा माणूस छाती काढून पुढं झाला. बायकोच्या गळ्यात माप घ्यायची टेप होती; तिचं टोक मुठीत धरलं, "माझ्यामागून या!" अशी गर्जना केली आणि सगळ्या बायकांना वाघासारखा वर घेऊन आला. वर मालक उभे. त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून धास्तीरावांनी ठणकावलं, "मिणमिणताच घ्यायचा! सगळ्या जिन्यांना!"

"ओ थापाडे!" कोपऱ्यातून कप आपटल्याचा आवाज आला. "पुढं मी होते. टेपचं टोक धरून मागून आले ते आमचे हे! आणि मालकांना सांगितलं तेही मीच. यांचा आवाज फुटत नव्हता, आणि टेप काही केल्या सुटत नव्हती!"